जुन्या रेकॉर्ड प्लेयरला नवं कार्ट्रिज लावताय? आधी हे तीन आकडे बघा

घर आवरताना माळ्यावरून रेकॉर्ड प्लेयर खाली येतो. सोबत तबकड्यांचा गठ्ठा असतो. बालगंधर्वांची नाट्यपदं, सुधीर फडक्यांचं गीतरामायण, पंडित भीमसेन जोशींचा एखादा एलपी, पु. ल. देशपांड्यांचं कथाकथन. यवतमाळ, वणी, पुसद, दारव्हा असो नाहीतर दिग्रस, हौशी आजोबा असलेल्या घरात असा गठ्ठा सापडणं काही नवलाचं नाही.

मग प्लेयर पुसला जातो, पट्टा बदलला जातो, चकती फिरू लागते. पण सुई झिजलेली किंवा तुटलेली असते. मोबाइलवर शोधलं की शेकडो कार्ट्रिज दिसतात. कुणी म्हणतं हे घ्या, कुणी म्हणतं ते. मोठ्या शहरात दुकानात जाऊन ऐकून तरी बघता येतं. जिल्ह्याच्या ठिकाणी बसून ऑनलाइन मागवायचं, तर कागदावरच्या आकड्यांवरूनच निर्णय घ्यावा लागतो.

आणि निर्णय चुकला तर नुसते पैसे वाया जात नाहीत. चुकीची सुई तबकडीची खाच कायमची खराब करते. बाजारात पुन्हा मिळणार नाही अशी तबकडी असेल तर ते नुकसान भरून येत नाही. म्हणूनच कार्ट्रिज निवडताना नेमकं काय बघायचं, ते समजून घेऊ.

कार्ट्रिज म्हणजे नेमकं काय?

टोनआर्म म्हणजे प्लेयरचा तो लांब हात. त्याच्या टोकाला जी छोटी डबी असते ती कार्ट्रिज. डबीच्या खालून एक बारीक दांडी बाहेर येते आणि दांडीच्या टोकाला हिऱ्याची किंवा नीलमण्याची सुई असते. तबकडीच्या खाचेत सुई डावी-उजवीकडे आणि वर-खाली हलते. त्या हालचालीची वीज करणं हे कार्ट्रिजचं काम.

ही वीज तयार करण्याच्या तीन मुख्य पद्धती आहेत.

पहिली सिरॅमिक. यात सुईच्या हालचालीने एका छोट्या स्फटिकासारख्या तुकड्यावर दाब पडतो आणि वीज तयार होते. सिग्नल बराच मोठा असतो, त्यामुळे वेगळा फोनो प्री-अँप लागत नाही. एचएमव्हीच्या फिएस्टासारख्या जुन्या पोर्टेबल प्लेयरमध्ये आणि आज मिळणाऱ्या स्वस्त सुटकेस प्लेयरमध्ये हाच प्रकार असतो.

दुसरी मूव्हिंग मॅग्नेट, म्हणजेच एमएम. यात दांडीच्या मागच्या टोकाला चिमुकलं चुंबक असतं आणि ते तारेच्या वेटोळ्यांमध्ये हलतं. सिग्नल साधारण ३ ते ६ मिलिव्होल्टचा. यातली सुई हाताने ओढून बदलता येते, ही मोठी सोय.

तिसरी मूव्हिंग कॉइल, म्हणजेच एमसी. यात चुंबक स्थिर आणि वेटोळं हलतं. सिग्नल बहुतेक वेळा अर्ध्या मिलिव्होल्टहूनही कमी. सुई झिजली की बहुतेक एमसी कार्ट्रिज कारखान्यात पाठवावं लागतं किंवा नवं घ्यावं लागतं.

कुठलंही कार्ट्रिज कुठल्याही प्लेयरला बसतं का?

बसत नाही. आधी तुमचा प्लेयर कुठल्या जातीचा आहे ते ओळखा.

टोनआर्मच्या मागे फिरवता येणारं वजन नसेल, सुई खाली नेल्यावर हात जड पडत असेल आणि कार्ट्रिज प्लास्टिकमध्ये घट्ट अडकवलेलं असेल, तर तो बहुधा सिरॅमिकचा प्लेयर आहे. त्यात एमएम कार्ट्रिज लावण्याचा खटाटोप करू नये. हात जड, आतला अँप वेगळ्या सिग्नलसाठी बनवलेला. नाजूक एमएम कार्ट्रिजची दांडी त्या वजनाखाली दबून जाईल आणि आवाजही जेमतेम येईल. अशा प्लेयरला त्याच जातीची नवी सुई किंवा नवं सिरॅमिक कार्ट्रिज लावायचं. मौल्यवान एलपी मात्र त्यावर वारंवार लावू नयेत, कारण सुईचा भार ५ ग्रॅमच्या आसपासही असू शकतो.

टोनआर्मच्या मागे आकडे असलेलं फिरतं वजन असेल आणि पुढच्या हेडशेलमध्ये कार्ट्रिज दोन छोट्या स्क्रूने बसवलेलं असेल, तर तुम्हाला निवडीचं स्वातंत्र्य आहे. या दोन स्क्रूंमधलं अंतर जगभर एकच, अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर.

१९८० च्या दशकातल्या काही प्लेयरमध्ये पी-माउंट नावाची तिसरी पद्धत आहे. त्यात कार्ट्रिज प्लगसारखं आत सरकवतात आणि एका स्क्रूने पक्कं करतात. त्याचं वजन आणि भार आधीच ठरलेला असल्यामुळे फक्त पी-माउंटचंच कार्ट्रिज घ्यावं.

पहिला आकडा: सुईची जाडी

जुन्या घरांमध्ये सगळ्यात जास्त चूक इथे होते.

भारतातलं व्यावसायिक ध्वनिमुद्रण सुरू झालं १९०२ साली, कोलकात्यात गौहर जान यांच्यासारख्या गायिकांच्या आवाजात. तेव्हापासून कित्येक दशकं लाखेच्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्या चालल्या. अमेरिकेत १९४८ साली व्हायनलचा एलपी आला तरी आपल्याकडे ७८ च्या तबकड्या १९६० च्या दशकातही निघत होत्या. त्यामुळे एकाच गठ्ठ्यात दोन्ही प्रकार सापडतात. लाखेची तबकडी जड असते आणि पडली की काचेसारखी फुटते. व्हायनलची तबकडी हलकी आणि थोडी लवचिक असते.

दोन्हींच्या खाचा वेगळ्या आहेत. एलपीसाठी सुईच्या टोकाची त्रिज्या साधारण १८ मायक्रॉन लागते. ७८ साठी ती ६५ ते ७६ मायक्रॉन, म्हणजे जवळपास चौपट.

एलपीची बारीक सुई ७८ च्या रुंद खाचेत टाकली तर ती खाचेच्या तळाशी घासत जाते. तिथे गाणं नसतं, धूळ आणि खरखर असते. शिवाय लाखेच्या मिश्रणात खनिज भुकटी असते, ती बारीक सुई लवकर झिजवते. उलट ७८ ची जाड सुई एलपीवर ठेवली तर ती खाचेत नीट बसतच नाही, वरच्या कडा खरवडत जाते. आणि चावीच्या ग्रामोफोनची पोलादी टाचणी व्हायनलवर कधीही लावू नये. त्या साउंडबॉक्सचा भार शंभर ग्रॅमहून अधिक असतो. एका फेरीत एलपीचं काम संपतं.

जुन्या सिरॅमिक प्लेयरमध्ये टोनआर्मच्या पुढे एक छोटी कळ दिसते. ती फिरवली की एका बाजूची सुई एलपीसाठी आणि दुसऱ्या बाजूची ७८ साठी खाली येते. ती कळ कुठल्या बाजूला आहे ते दरवेळी बघा.

नव्या एमएम कार्ट्रिजमध्ये सोय वेगळी आहे. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ मालिकेत डबी तीच ठेवून सुई बदलता येते. एलपीसाठी व्हीएम९५ई ची सुई, ७८ साठी व्हीएम९५एसपी ची. पण एसपी सुईला ५ ग्रॅमच्या आसपास भार लागतो. तुमच्या टोनआर्मचं मागचं वजन तेवढा भार देऊ शकतं का, ते आधी तपासा. देत नसेल तर ऑर्टोफॉनचं २एम ७८ हा पर्याय आहे, त्याला १.८ ग्रॅम पुरतो. प्लेयरवर ७८ चा वेग आहे का हेही बघा. अनेक नव्या प्लेयरवर फक्त ३३⅓ आणि ४५ हे दोनच वेग असतात.

दुसरा आकडा: टोनआर्मचं वस्तुमान आणि सुईची लवचिकता

कार्ट्रिज टोनआर्मला 'जुळतं' म्हणजे काय, याचं खरं उत्तर इथे आहे.

सुईची दांडी आत रबरावर टेकलेली असते. म्हणजे ती एक स्प्रिंग झाली. त्या स्प्रिंगवर कार्ट्रिज आणि टोनआर्म मिळून वजन झालं. स्प्रिंग आणि वजन एकत्र आलं की त्यांचा एक ठरलेला हेलकावा असतो.

एसटीचं उदाहरण घ्या. रिकामी बस खड्ड्यातून जाताना ताडताड उडते. तीच बस नेमकी भरली की सावरून चालते. टपापर्यंत कोंबली की प्रत्येक वळणावर डुलू लागते. बस तीच, स्प्रिंग तीच, पण वजन बदललं की चाल बदलली. कार्ट्रिजचंही असंच असतं.

हा हेलकावा सेकंदाला ८ ते १२ वेळा, म्हणजे ८ ते १२ हर्ट्झ इतका असावा. कारण सोपं आहे. संगीत साधारण २० हर्ट्झच्या वर सुरू होतं. तबकडी वाकडी असेल तर तिच्या चढ-उताराची हालचाल मुख्यतः ६ हर्ट्झच्या खाली असते. दोन्हींच्या मधली मोकळी जागा म्हणजे ८ ते १२. हेलकावा खाली घसरला तर वाकड्या तबकडीवर टोनआर्म नाचू लागतो. फार वर गेला तर खर्जातला आवाज फुगतो.

विदर्भात या गोष्टीचं महत्त्व जास्त आहे. यवतमाळचा उन्हाळा ४४ अंशांपर्यंत जातो. पत्र्याखालच्या माळ्यावर, खिडकीतल्या उन्हात किंवा बंद गाडीत तापमान त्याहून बरंच चढतं. आडव्या रचलेल्या व्हायनल तबकड्या अशा उष्णतेत वाकतात. म्हणजे इथल्या गठ्ठ्यात वाकड्या तबकड्या निघण्याची शक्यता अधिक, आणि न जुळणाऱ्या कार्ट्रिजची शिक्षाही अधिक.

हिशोब कसा करायचा?

तीन गोष्टी लागतात. टोनआर्मचं परिणामी वस्तुमान, कार्ट्रिजचं वजन (स्क्रूसह) आणि कार्ट्रिजचा कॉम्प्लायन्स, म्हणजे लवचिकतेचा आकडा. हे आकडे कंपनीच्या माहितीपत्रकात असतात. परिणामी वस्तुमान म्हणजे टोनआर्म काट्यावर ठेवून येणारं वजन नव्हे. सुईला हात हलवताना जेवढं जड वाटतं तेवढं.

सूत्र असं: टोनआर्म, कार्ट्रिज आणि स्क्रू यांची ग्रॅममधली बेरीज करा. तिला कॉम्प्लायन्सने गुणा. आलेल्या आकड्याचं वर्गमूळ काढा. १५९ ला त्या वर्गमुळाने भागा. उत्तर हर्ट्झमध्ये येतं.

आता उदाहरण. टेक्निक्सचा एसएल-१२०० हा जगभर गाजलेला प्लेयर. एमके२ मॉडेलमध्ये टोनआर्मचं परिणामी वस्तुमान हेडशेलसह १२ ग्रॅम. त्यावर ऑर्टोफॉन २एम रेड लावलं. त्याचं वजन ७.२ ग्रॅम, स्क्रूचे ०.८ धरू. बेरीज २०. कॉम्प्लायन्सही २०. गुणाकार ४००, वर्गमूळ २०. १५९ भागिले २० म्हणजे जवळपास ८ हर्ट्झ. जुळलं, पण अगदी खालच्या काठावर.

त्याच हातावर एखादं फार लवचिक, ३५ कॉम्प्लायन्सचं जुनं कार्ट्रिज लावलं तर? बेरीज १९ धरली तरी उत्तर ६ हर्ट्झच्या आसपास येतं. वाकड्या तबकडीच्या नेमक्या टापूत. असं कार्ट्रिज हलक्या हातासाठी बनलेलं असतं.

आकड्यांमधली एक फसगत

डेनॉन डीएल-१०३ हे १९६० च्या दशकात जपानच्या एनएचके रेडिओसाठी तयार झालेलं एमसी कार्ट्रिज आजही मिळतं. त्याचा कॉम्प्लायन्स ५ लिहिलेला असतो. वरच्याच टेक्निक्सच्या हातावर हिशोब केला तर उत्तर १५ हर्ट्झच्या पुढे जातं आणि 'हे तर जुळतच नाही' असं वाटतं.

गोम अशी की डेनॉन, ऑडिओ-टेक्निका यांसारख्या जपानी कंपन्या हा आकडा १०० हर्ट्झवर मोजतात. वरचं सूत्र मात्र १० हर्ट्झवरच्या आकड्यासाठी आहे. म्हणून जपानी आकड्याला साधारण दीड ते दोनने गुणायचं. डीएल-१०३ चे ५ चे १० धरले तर उत्तर ११ हर्ट्झच्या आसपास येतं. म्हणजे जुळतं. ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५ई चं वजन ६.१ ग्रॅम आणि कॉम्प्लायन्स ७. त्याचे १२ धरले तर त्याच हातावर साधारण साडेदहा हर्ट्झ. अगदी मधोमध.

हा गुणाकार अंदाजाचा आहे, त्यामुळे अर्ध्या-एक हर्ट्झसाठी जीव काढू नये. टोनआर्मचं वस्तुमान कुठेच सापडलं नाही तर मध्यम वजनाचं, मध्यम लवचिकतेचं कार्ट्रिज घेणं सुरक्षित.

तिसरा आकडा: सिग्नल आणि अँप

कार्ट्रिज हाताला जुळलं तरी अँपला जुळायला हवं.

तबकडी कापताना खर्ज मुद्दाम कमी आणि वरचे सूर मुद्दाम जास्त ठेवतात. ऐकताना हे उलटं करावं लागतं. १९५० च्या दशकात यासाठी आरआयएए नावाचं एकच प्रमाण रूढ झालं. हे काम फोनो प्री-अँप करतो आणि सोबत सिग्नल मोठाही करतो. एमएमसाठी साधारण शंभरपट, एमसीसाठी साधारण हजारपट. म्हणून एमसी कार्ट्रिज घेताना तुमच्या प्री-अँपवर 'एमसी' लिहिलेलं आहे का ते बघा. नुसत्या एमएमच्या प्री-अँपवर ते कुजबुजल्यासारखं वाजेल.

अँपला मागे 'फोनो' लिहिलेली जागा नसेल आणि प्लेयरमध्येही प्री-अँप नसेल, तर तो वेगळा घ्यावा लागेल. बजेट ठरवताना हा खर्च आधीच धरा. दोन प्री-अँप एकापुढे एक लागले तर आवाज फाटतो, म्हणून प्लेयरमागची 'फोनो/लाइन' कळही तपासा.

एमएमसाठी आणखी एक बारीक मुद्दा म्हणजे वायरची कपॅसिटन्स. व्हीएम९५ई ला १०० ते २०० पिकोफॅरड चालतात, २एम रेडला १५० ते ३००. फार लांब वायर लावली की हा आकडा वाढतो आणि वरचे सूर कर्कश किंवा मंद होतात. वायर आखूड ठेवली तर सहसा प्रश्न येत नाही.

बसवताना काय काळजी घ्यायची?

मागे चार तारा असतात. पांढरी डावा धन, निळी डावा ऋण, लाल उजवा धन, हिरवी उजवा ऋण. चिमट्याने हळू लावा, ओढाताण केली तर तार तुटते. सुई काढता येत असेल तर काढून ठेवा आणि मगच स्क्रू आवळा.

भार मोजायला छोटा डिजिटल काटा घ्या. सोनाराकडे असतो तसा ०.०१ ग्रॅमचा काटा चालतो, पण दोन अटींवर. त्याची ताटली लोखंडी नको, नाहीतर कार्ट्रिजचं चुंबक तिला खेचतं आणि आकडा चुकतो. शिवाय मोजताना सुई तबकडीच्या उंचीवरच असावी.

भार कंपनीने सांगितलेल्या मर्यादेतच ठेवा. 'कमी भार म्हणजे तबकडी सुरक्षित' हा मोठा गैरसमज आहे. फार हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि प्रत्येक उडीला भिंतीवर आपटते. मर्यादेच्या मधल्या किंवा किंचित वरच्या आकड्यावर ती जास्त नीट चालते. अँटी-स्केटिंगची चकती सुरुवातीला भाराच्याच आकड्यावर ठेवा.

कार्ट्रिज सरळ रेषेत बसलंय का, हे बघायला छापील प्रोट्रॅक्टर मिळतो. त्यावरच्या दोन्ही ठिकाणी डबी रेषांना समांतर दिसली पाहिजे.

शेवटी एक बिनखर्ची परीक्षा. स्पीकरची जाळी काढा, थोडी वाकडी तबकडी लावा आणि मोठ्या स्पीकरच्या पडद्याकडे बघा. आवाज नसतानाही पडदा सारखा आत-बाहेर धापत असेल, तर कार्ट्रिज आणि टोनआर्म जुळलेले नाहीत. पहिली चाचणी नेहमी कमी मोलाच्या तबकडीवर घ्या.

जुनी, न वापरलेली सुई मिळाली तर?

'पेटीबंद जुना माल' म्हणून विकली जाणारी सुई मोहात पाडते. पण तिच्या आतलं रबर वर्षांनुवर्षं, त्यातही गरम हवेत, कडक होत जातं. मग कागदावरचा कॉम्प्लायन्स आणि प्रत्यक्षातला कॉम्प्लायन्स यांचा मेळ राहत नाही. वापरलेल्या कार्ट्रिजची सुई किती तास चालली आहे, हेही कळत नाही.

हिऱ्याची सुई तिच्या आकारानुसार साधारण ३०० ते १००० तास टिकते. ५०० तास धरले आणि एक एलपी ४० मिनिटांचा, तर ७५० एलपी होतात. रोज एक ऐकलात तर दोन वर्षं. झिजलेल्या सुईला धारदार कडा येतात आणि ती खाच कापत जाते. त्यामुळे सुई लावल्याची तारीख प्लेयरच्या खाली कागदावर चिकटवून ठेवा.

थोडक्यात

सिरॅमिकचा प्लेयर असेल तर सिरॅमिकचीच सुई घ्या. फिरतं वजन असलेला टोनआर्म असेल तर एमएम कार्ट्रिजने सुरुवात करा आणि ८ ते १२ हर्ट्झचा हिशोब करून मगच मागवा. ७८ आणि एलपी दोन्ही ऐकायचे असतील तर दोन वेगळ्या सुया ठेवा. ७८ ऐकताना अँपवर 'मोनो'ची कळ असेल तर दाबा, खरखर कमी होते. तबकड्या उभ्या ठेवा, उन्हापासून आणि पत्र्यापासून लांब.

जुन्या भारतीय तबकड्या जपण्यासाठी मुंबईत १९९० साली 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था सुरू झाली. अनेक गायक-गायिकांची काही गाणी आज फक्त अशा संग्राहकांच्या आणि घराघरांतल्या तबकड्यांवर उरली आहेत. तुमच्या माळ्यावरच्या गठ्ठ्यात एखादी तशी तबकडी असेल, तर ती वाजवण्याआधी सुई तपासा. आणि चांगली वाजली तर त्याच वेळी तिचं डिजिटल रेकॉर्डिंगही करून ठेवा.